दिवसा झोपणाऱ्याची खोली

व्यंकटी खोली बघायला जायचा तो काखेत चादर मारून. घरमालक कुलूप काढायचा, पंखा लावून दाखवायचा, नळाला पाणी किती वाजता येतं ते सांगायचा. व्यंकटी सगळं मुकाट्यानं ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "तुमची हरकत नसंल तर अर्धा घंटा झोपून बघतो." घरमालक आधी त्याच्याकडे बघायचा, मग त्याच्या बायकोकडे, राजेश्रीकडे. राजेश्री पदराआड हसू दाबत भिंतीचा रंग न्याहाळत राहायची. तोवर या गड्यानं फरशीवर चादर अंथरून डोळे मिटलेलेही असायचे.

डोक्यावर परिणाम झालेला नव्हता त्याच्या. व्यंकटी परभणीतल्या एका खासगी दवाखान्यात ॲम्ब्युलन्स चालवायचा आणि सात वर्षांपासून त्यानं रात्रपाळीच धरली होती. रात्री रस्ता मोकळा मिळतो, पेशंट लवकर पोचतो, असं त्याचं म्हणणं. सेलू, मानवत, गंगाखेड, कुठल्या रस्त्यावर कुठं खड्डा आहे आणि कुठल्या गतिरोधकाचा रंग उडालाय हे त्याला तोंडपाठ. बाळंतिणीला घेऊन येताना तो गाडी अशी आणायचा की मागं बसलेली सासू उतरल्यावर त्याच्या तोंडावरून हात फिरवायची. आपण हे काम फार चांगलं करतो, असं त्याला वाटायचं आणि तो ते कुणालाही सांगायचा. खरंच चांगलं करत होता, त्यात लाजायचं काय?

पण रात्रभर जागणाऱ्याला दिवसा झोप लागते, आणि परभणीत तीच मिळत नव्हती. त्यांची खोली मंगल कार्यालयाच्या पाठीमागं होती. पूर्णेच्या रेल्वे वस्तीत वाढलेल्या माणसाला आवाजाचं वावडं असायचं काही कारण नव्हतं. राजेश्री ब्लाउज शिवायची, तिच्या मशीनच्या खडखडाटात तो खुशाल घोरायचा. पण रेल्वेगाडी येते आणि जाते. मशीनही एका लयीत चालतं. बँडवाला मात्र मध्येच थांबतो, आता संपलं म्हणून माणूस कूस बदलतो, आणि तो पुन्हा सुरू होतो.

नोव्हेंबरात एका पहाटे मानवतकडून पेशंट आणताना व्यंकटीची पापणी लागली. क्षणभरच. चाक कडेच्या मुरमावर गेलं, गाडी खडखडली आणि तो जागा झाला. कुणाला काही झालं नाही. पण मागं मोठे डॉक्टर बसलेले होते. सकाळी त्यांनी त्याला बोलावून घेतलं. "तुझ्यासारखा ड्रायव्हर मला मिळणार नाही, व्यंकटी," ते म्हणाले, "पण पुन्हा असं झालं तर गाडीची चावी मी काढून घेणार. आधी झोपेची सोय कर." घरी येऊन राजेश्रीला हे सांगता सांगता तो रडायला लागला. मागच्या स्ट्रेचरवर एक म्हातारा होता आणि त्याची लेक त्याचे पाय चोळत होती, हे त्याला पुन्हा पुन्हा आठवत होतं.

"उगं रडू नका," राजेश्री म्हणाली. "शांत खोली हुडकू. गावाभाईर का असंना."

अशी ती चादर निघाली. एका वसाहतीत त्याला झोप लागतच होती, तर भिंतीपलीकडे शिकवणी सुरू झाली आणि चाळीस पोरं पाढे म्हणू लागली. दुसरीकडे खाली पिठाची गिरणी निघाली. तिसऱ्या ठिकाणी सगळं छान होतं, पण घरमालकच बाजूला खुर्ची टाकून बसला आणि झोप लागली का, झोप लागली का, असं विचारत राहिला.

शेवटी कुणीतरी बोरीचं नाव काढलं. परभणी-जिंतूर रस्त्यावर, बसनं तासाभराच्या आत. गावाच्या कडेला दगडाबाई नावाच्या बाईची एक खोली रिकामी होती. बारा-तेरा पत्र्याच्या घरांची गल्ली, तोंडाशी एक लिंबाचं झाड, आणि दगडाबाईचं घर सोडलं तर सगळ्या दारांना कुलपं. डिसेंबरातली दुपार होती. व्यंकटीनं दोन वाजता चादर अंथरली, ती दिवेलागणीला गोळा केली. तोवर राजेश्रीचा दोनदा चहा झाला होता आणि दगडाबाईला तिच्या माहेरची सगळी माणसं नावानिशी कळली होती.

"किती दिसाचं जागलंय गं हे लेकरू?" दगडाबाईनं विचारलं.

खोली तिथल्या तिथं ठरली. कुलपांचं राजेश्रीनं विचारलं होतं. दगडाबाई म्हणाली, "समदे ऊस तोडायला गेलेत कारखान्यावर. पाडव्याला येतेत." आता जिल्ह्यातल्या कुठल्याही खेड्यातल्या माणसाला एवढ्यावरून सगळं कळलं असतं. व्यंकटी पडला रेल्वेवाल्याचा पोरगा. त्यांच्या घरात कधी कुणी कोयता घेऊन घराबाहेर पडलं नव्हतं. पुण्याला गेलेली माणसं सणाला येतात, पुरणपोळी खातात आणि दोन दिवसांनी बॅग उचलतात, तशीच ही येतील, असं तो धरून चालला. कुलपांची गल्ली आपल्या नशिबानं आपल्याला मिळाली, याचा त्याला इतका आनंद झाला की जास्त विचारायची त्याला भीतीच वाटली असावी.

पुढचे तीन-चार महिने व्यंकटी झोपला. सकाळच्या बसनं यायचा, भाकरी खायचा आणि संध्याकाळपर्यंत मेल्यासारखा पडायचा. अंगावर मांस आलं. दवाखान्यातल्या सिस्टर लोकांना तो गाणी म्हणून दाखवू लागला, ते त्यांना फारसं आवडलं नाही ही गोष्ट वेगळी.

पाडव्याच्या आधी चार दिवस तीन ट्रॅक्टर गल्लीत शिरले. ट्रॉल्यांवर पत्र्याच्या पेट्या, बाजा, हंडे, शेळ्या, पाय बांधलेल्या कोंबड्या, आणि या सगळ्यावर माणसं. बारा घरांची कुलपं उघडली. पाच महिन्यांची धूळ झाडली जाऊ लागली, पेट्या फरशीवरून ओढल्या जाऊ लागल्या, गडी पत्र्यांवर चढून खिळे ठोकू लागले. आवारात मिरच्या कुटल्या जाऊ लागल्या, देवीच्या नैवेद्याची तयारी निघाली, आणि दोन भावांचं सामाईक भिंतीवरून भांडण जुंपलं. व्यंकटी उठून बसला. "हे किती दिस राहणार?" त्यानं विचारलं.

"कोण? त्येंचीच घरं हायेत की," दगडाबाई म्हणाली. "दसऱ्यापतोर कुठं जातेत?"

तिनं आपल्या परीनं मदत केली. ॲम्ब्युलन्सवाला दिवसा झोपत असतो, आवाज करू नका, असं तिनं पहिल्या घराला सांगितलं. पहिल्या घरानं ते दुसऱ्याला ओरडून सांगितलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. दिवसभर गल्लीत कुणी ना कुणी कुणाला तरी गप्प बसवत होतं. त्या गप्प बसवण्याच्या आवाजानं व्यंकटीचे तीन दिवस गेले.

तिसऱ्या रात्रीनंतरच्या सकाळी त्यानं रिकामी गाडी दवाखान्याच्या फाटकाच्या खांबाला घासली. डॉक्टरांनी नुसता हात पुढं केला. व्यंकटीनं त्यांच्या हातात चावी ठेवली. "आठ दिवस सुट्टी घे," ते म्हणाले. "झोपेचं जमवून आलास तर चावी तुझी. नाहीतर दिवसा फाइली पोचवायचं काम बघ." सात वर्षांत पहिल्यांदा तो रिकाम्या खिशात हात घालून बसस्टँडवर गेला आणि त्याला फार अपमान वाटला.

घरी न जाता तो मधल्याच एका गावी उतरला. तिथं शेतात एक खोली होती, शेजार नाही, पाजार नाही. चादर नव्हती म्हणून नुसत्या फरशीवरच पडून बघितलं. आवाज नव्हता. झोपही आली नाही, पण ते त्यानं मनावर घेतलं नाही. खोली घेतो म्हणून सांगून टाकलं आणि दगडाबाईला कळवायला भर दुपारी बोरीत आला.

गल्लीत शिरला आणि थबकला. चिटपाखरू बोलत नव्हतं. पुन्हा गेली की काय सगळी, असं त्याला वाटलं. पण दारं उघडी होती. ओट्यांवर, बाजांवर, लिंबाच्या सावलीत पटकुरांवर माणसं झोपली होती. गडी, बाया, लेकरं, सगळी. भिंतीवरून भांडणारे दोघे भाऊ एकाच बाजेवर उलटसुलट पसरले होते. जागी होती एकटी कडूबाई, कोपऱ्यातल्या घरातली. झाडाखाली पालथ्या घमेल्यावर बसून तिनं मांडीवर काठी आडवी धरली होती.

"हळू या, भाऊ," ती कुजबुजली. "टोळी झोपायलीय."

"दिवसा?"

"तिकडं कारखान्यावर गाडी भरायला कवा बी येती. राती दोनला आली तर दोनला उठायचं, उसाच्या मोळ्या डोक्यावर घिऊन फळीवर चढायचं. मंग झोप कवा? दुपारीच. अंगाला त्येचीच सवय लागती. आता ऊन बी तापलं, पहाटं रानात जायचं, अकराला माघारी, अन् चार वाजेपतोर समद्यांनी झोपायचं. तीन दिस मांडामांडीत आमची बी झोप न्हाई झाली." मग काठीकडे बोट दाखवून ती म्हणाली, "एकीनं जागायचं. कुत्रं, शेळी, पावणारावळा, कुणाचा आवाज होऊ द्यायचा न्हाई. तिकडं कोप्यांत, त्या पाचटाच्या झोपड्यांत बी असंच असतंय. आज पाळी माजी."

व्यंकटी एकेका बाजेकडे बघत उन्हातच उभा राहिला.

"तुमी उन्हात काय करायलात?" कडूबाईनं त्याला झापलं. "जावा, पडा. तुमाला बी धरलंय ह्यात. तुमी न्हाई झोपले तर पाळी माजी वाया गेली."

व्यंकटीचे डोळे भरून आले. सात वर्षं तो दुसऱ्यांसाठी जागत होता आणि त्याला त्याचं काही वाटलं नव्हतं, ते कामच होतं. आपल्यासाठी कुणीतरी मुद्दाम जागं बसलंय हे मात्र त्याला नवं होतं. तो खोलीत गेला. राजेश्री मशीनवर डोकं टेकून पेंगत होती. तिच्याशेजारी तो आडवा झाला तो पाचला उठला, आणि उठल्या उठल्या शेतातल्या खोलीवाल्याला फोन करून नको म्हणून सांगितलं.

आठ दिवसांनी चावी परत मिळाली. त्या संध्याकाळी दगडाबाईच्या ओट्यावर बाया पुढच्या पाळ्या ठरवत होत्या. व्यंकटी कामावर निघता निघता थांबला. "गुरुवारी माझी सुट्टी असती," तो म्हणाला. "तेवढा दिस मला द्या."

बाया हसल्या. "गडीमाणसं न्हाई बसवत आमी," कडूबाई म्हणाली. "बसल्या बसल्या झोपतेत."

"एक डाव बसवून तर बघा," राजेश्री मशीनवरून म्हणाली.

गुरुवारी व्यंकटी घमेल्यावर बसला. दीडच्या सुमाराला कांदे-बटाट्यांचा टेम्पो भोंगा वाजवत गल्लीच्या तोंडाशी आला. व्यंकटी उठला, रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला आणि हात वर केला. टेम्पोवाल्यानं करकचून ब्रेक मारला, भोंगा बंद केला आणि खिडकीतून डोकं काढलं. "काय झालं? कुणी आजारी हाय काय?"

"न्हाई," व्यंकटी हळूच म्हणाला. "माझी माणसं झोपलीत."