दिगंबरच्या नंबरवरून आलेला निरोप

दुपारी दिगंबरचा मेसेज आला. "रविवारी ये. तुह्याही जुन्या कंप्युटरात लिनक्स टाकून देतो. येतानी पेनड्राइव्ह हे गेले लवकर या". मला वाटलं, याचे पेनड्राइव्ह हरवले. थट्टेत तो मला अहोजाहो करायचा, म्हणून 'या'चंही काही वाटलं नाही. मी हसत लिहिलं, "गेले तर जाऊ दे. मी रिसोडहून नवा आणतो." पलीकडे बराच वेळ कुणी टाइप करत होतं... मग तीन शब्द आले. "भाऊजी माणूस गेला". वर नाव दिगंबरचंच. महिना झाला, तरी ते डोळ्यांपुढून हलत नाही.

कामरगावच्या शाळेत आम्ही वीस वर्षं बरोबर शिकवलं. निवृत्तीनंतर त्याची नजर अधू झाली, मोबाईलवरचं वाचता येईना. पुतण्यानं टाकून दिलेला कंप्युटर त्यानं आणला, नवं काही त्यावर चालेना म्हणून लिनक्स ही फुकटची, हलकी प्रणाली चढवली आणि व्हॉट्सॲप जोडायला मला बोलावलं. पडद्यावरच्या चौकोनी कोडसमोर मी त्याचा मोबाईल धरला आणि सगळ्या गप्पा तिथं उतरल्या. अक्षरं त्यानं एवढी मोठी केली की चारच ओळी मावत. "पाह्य, आता मले कोनाले वाचून दाखव म्हना लागत नाही!" शोभावहिनी आतून कुरकुरल्या, "दिवसभर त्या डब्यापुढं बसून राह्यतात. मी काय भिताडाशी बोलू?"

त्या दिवशी मला लिहिता लिहिता तो अर्ध्यावरच उठला. इंझोरीच्या वावरातली मोटर बंद पडली होती. तिथंच छातीत कळ आली. लोकांनी गाडीत घातलं, मोबाईल खिशातच राहिला. दवाखाना येण्याआधी सगळं संपलं... शेजारी सांगत आले तेव्हा वहिनी एकट्या होत्या. माझा नंबर पाठ नव्हता, पण पडद्यावर माझं नाव उघडं होतं, खाली त्याचा अर्धा निरोप. तो पुसायचा कसा, ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्याच्याच पुढं त्यांनी लिहिलं.

तेरवीनंतर गेलो तेव्हा मोबाईल बंद पडून होता, कंप्युटरची जोडणीही तुटलेली. "जोडून द्या भाऊजी, पोरीले लिवतो," वहिनी म्हणाल्या. मी पुन्हा कोडसमोर मोबाईल धरला. त्या खुर्चीवर बसल्या तेव्हा मला कीबोर्ड दिसला. बटणाबटणावर दिगंबरच्या हातानं शाईत लिहिलेल्या मराठी अक्षरांच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या.

"माह्यासाठीच लावल्या होत्या यायनं. दोन वर्सं मी हात नाही लावला. लावला तो त्या दिवशी..."

काही अक्षरं पुसट झाली होती. "नव्या लावून देऊ?" मी विचारलं.

"नका लावू," त्या म्हणाल्या, आणि 'बाळा' लिहायला एका बोटानं 'ळ' शोधू लागल्या.