स्टेअरिंग आणि ट्रॉलीचा प्लग

कॉलेजच्या प्रयोगशाळेत सोल्डरचा वास आला, की मला आमच्या घरातली ती दुपार आठवते. अकरावीत असताना मी मामाच्या जुन्या कॉम्प्युटरला भंगारातल्या जीपचं स्टेअरिंग आणि पायडल जोडून गाड्यांच्या शर्यतीचा खेळ खेळायचो. सगळ्या वायरी थेट डागलेल्या असल्यामुळे ते धूड पुढच्या खोलीतून हलायचं नाही. त्या दिवशी आभाळ भरून थेंब पडू लागले आणि दादा त्याच खोलीत ठेवायला ट्रॉलीभर सोयाबीनची पोती घेऊन दारात आला. “उचल तुझं हे खटारं!” “दादा, थांब, वायरी कापाव्या लागतील.” “काहून थांबू? पोती भिजून राहिलीत तिकडं!” त्यानं स्टेअरिंगला हिसका दिला, तशा वायरी तुटल्या. मी त्याच्या दंडाला कडकडून चावलो. त्यानं तेच स्टेअरिंग माझ्या कपाळावर हाणलं. रक्त डोळ्यांत उतरलं. “मारून टाकतो का लेकराला!” म्हणत मध्ये पडलेली आईसुद्धा भिंतीवर आदळली. दुसऱ्या दिवशी मी कायमचं मामाकडे जायला पिशवी घेऊन निघालो, तर दादा ओसरीवर वायरी जोडत बसलेला. मध्ये त्यानं आपल्या ट्रॉलीच्या दिव्यांचा प्लग बसवला होता. “एका हातानं निघतो बघ,” तो मान खाली घालूनच म्हणाला, “माल आला की उपसायचा अन् माळ्यावर ठेवायचं. बराबर?” मी पिशवी खाली ठेवली. आता मित्र कपाळावरच्या खुणेबद्दल विचारतात, तेव्हा दादानं मारलं असं मी सांगतो. पण त्या हंगामभर त्याची ट्रॉली मागच्या दिव्यांशिवाय माल विकायला मोंढ्यावर जात होती, हेही सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.