डेअरीची गाडी आणि वहिनीचा हात

"बाळंतिणीनं दुधाला तोंड लावायचं न्हाई, बाळाला कफ होतो. आन् कावून ते इचारायचं न्हाई."

हा आमच्या घरचा नियम. सांगणारी आत्या, ठरवला कोणी, ते तिलाही माहीत नाही. फायदा मात्र उघड होता. आबा, म्हणजे माझे वडील, गावच्या दूध संस्थेचे चेअरमन. चेअरमनच्याच घरचं दूध डेअरीच्या गाडीत कमी पडलं तर गाव काय म्हणेल?

दुष्काळात गावाबाहेर चारा छावणी सुरू झाली आणि आमची जनावरं तिथे बांधली. छावणीत किस्से शेणासारखे साचतात. सकाळी उचलले तरी संध्याकाळी तेवढेच!

*

पहिली पडली शेजारच्या नामदेवकाकांची जर्सी गाय. ताजी व्यालेली. मान पोटाशी वळवून बसली ती उठेना. कान गार. काकांनी नजर उतरवली, मग आबांनी विळा तापत ठेवला. डाग दिला की जनावर उठतं, हाही एक नियम.

विळा लाल व्हायच्या आत जनावरांचे डॉक्टर पोचले, हे गाईचं नशीब. त्यांनी शिरेत कॅल्शियमची बाटली लावली आणि कानातल्या नळीने छातीचे ठोके ऐकत औषध हळूहळू सोडत बसले. घाई केली तर हृदय बंद पडतं म्हणाले. बाटली संपत आली तशी गाय थरथरली, शेण टाकलं आणि उभी राहिली.

मग त्यांनी समजावलं. व्याल्यावर दुधातून कॅल्शियम भराभर जातं, रक्तातलं कमी पडतं. त्यात इथे खायला नुसते उसाचे वाढे, म्हणजे शेंड्याकडचा पाला. त्यातलं ऑक्झलेट उरलंसुरलं कॅल्शियमही अंगी लागू देत नाही. चाऱ्यावर चुन्याची निवळी शिंपडा.

आबांना एवढं पटलं की दुसऱ्या दिवशी त्यांनी छावणीत भाषणच ठोकलं. "दूध देणारीच्या अंगातून ताकद जाती. ती भरून द्यायची आपली जिम्मेदारी हाय!" टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

*

निवळी म्हणजे वरचं नितळ पाणी. पण नामदेवकाकांनी तंबाखूच्या डबीतला चुना बोटावर घेऊन थेट गाईच्या जिभेला लावला. जीभ भाजते, असं मी ओरडले.

"मी रोज खातो, मला काय झालंय?" काका म्हणाले. एकही दात शिल्लक नसलेल्या तोंडाने.

*

इकडे घरी वहिनी बाळंत होऊन पडलेली. वारं लागू नये म्हणून खिडकीला पोतं. एक दिवस बाळाला लंगोट बांधताना तिची बोटं आखडली, ओठांभोवती मुंग्या आल्या. आत्याने दारावर लिंबू टांगलं.

मी बी.एस्सी. झालेली. आबांना त्यांचंच भाषण ऐकवलं.

"ती काय गाय हाय का?" आबा म्हणाले.

गाय असती तर एव्हाना डॉक्टर आला असता.

*

शेवटी दादा कारखान्यावरून सुट्टीला आला, तेव्हा आत्यालाही घेऊन जीपने केजच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी वहिनीच्या दंडाला बीपीचा पट्टा बांधला, हवा भरली आणि तशीच धरून ठेवली. बघता बघता वहिनीचा हात मनगटात वाकला, बोटं चोचीसारखी जुळली. आत्या उठली, हात जोडले आणि त्या हातालाच विचारलं, "कोन हाइस बाबा? काय पायजे तुला?"

"कॅल्शियम," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

रक्ताच्या तपासणीतही तेच निघालं. वहिनीच्या शिरेत औषध तसंच हळूहळू, हृदयावर लक्ष ठेवून. बाळ दूध ओढतंय, हिच्या पोटात काही जात नाही, ऊन नाही म्हणून ड जीवनसत्त्व नाही, ते नाही तर कॅल्शियम अंगी लागत नाही, असं त्यांनी सांगितलं. गोळ्या लिहून दिल्या. मग विचारलं, घरात दूध नाही का?

"लई हाय," आत्या ताठ मानेने म्हणाली. "समदं डेअरीला जातंय."

*

घरी आल्यावर आत्याने गोळ्या देव्हाऱ्यात ठेवल्या. उष्ण पडतात म्हणे. पोतं खिडकीला तसंच. दादा कामावर परत गेला. मी चोरून पेलाभर दूध वहिनीकडे नेलं. तिने हात पुढे केला नाही.

"आत्यांना इचारलं का, ताई?"

पेला ठेवून मी निघून आले. संध्याकाळी पाहिलं तर सायीत मुंग्या बुडालेल्या. त्याच संध्याकाळी वहिनीचे हात पुन्हा आखडले आणि बाळ मांडीवरून निसटलं. खाली वाकळ अंथरलेली होती म्हणून वाचलं. आत्याने दारावरचं लिंबू बदललं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी छावणीत मी धार काढली. आबा, आत्या, नामदेवकाका चहाला बसले होते. डेअरीची गाडी आली. मी कॅन उचलला आणि घराची वाट धरली.

"इकडं आन," आबा म्हणाले.

"आणणार नाही. उद्याही नाही. वहिनीला आत्या आपल्या हाताने पाजत नाही, तोवर ह्या घरचं दूध गाडीत चढणार नाही."

"कावून?" आबांनी विचारलं.

"विचारायचं नाही."

गाडीवाल्याने हॉर्न दिला. आबांनी आत्याकडे पाहिलं, आत्याने काकांकडे, काकांनी हातातल्या डबीकडे. मी कॅन घेऊन चालू लागले.