सलाईन धरणारा हात

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कोणाचे, असं विचारलं तर आईवडिलांच्याही आधी माझ्या तोंडात प्रल्हाद रामटेके हे नाव येतं. आमचे रामटेके भाऊ. भिलाईत अँब्युलन्सवर त्यांनी अर्धं आयुष्य काढलं. पुढे ड्रायव्हरशेजारी नाही, मागे, पेशंटजवळ. ते गेल्याची बातमी आली तेव्हा मी नव्या भरतीच्या लोकांना स्ट्रेचर उचलायला शिकवत होतो. फोन वहिनींचा होता. "मिलिंद, भाऊ गेले बाप्पा," एवढंच त्या म्हणाल्या. मी फोन खिशात ठेवला, स्ट्रेचरचं एक टोक धरलं आणि म्हणालो, पुन्हा उचला... दुसरं काय करायचं ते सुचलं नाही.

भाऊंची माझी पहिली भेट भांडणाने झाली. मी तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होतो. माझ्याआधी आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. बाबा स्टील प्लांटमध्ये ठेकेदाराकडे कामाला. मे महिन्यातल्या एका दुपारी पाळीवरून आले आणि दारातच कोसळले. अंग तव्यासारखं तापलेलं, बोलणं भलतंच. बोलावलेली गाडी रेल्वे फाटकावर अडकली, मालगाडी जाता जाईना. ती कॅम्पातल्या आमच्या गल्लीत शिरेपर्यंत माझं डोकं फिरलं होतं. गाडीतून जो पहिला माणूस उतरला त्याच्यावर मी धावलो. "मुडदा पडल्यावर येता काय रे?" म्हणत त्याच्या शर्टाला हात घातला. टर्रकन आवाज झाला. त्या माणसाने फाटलेल्या खिशाकडे पाहिलंही नाही. बाबांच्या अंगावर ओलं फडकं टाकलं, हाताला सुई लावली, सलाईनची बाटली माझ्या हातात दिली आणि माझा हात धरून वर केला. "अशीच धर. थेंब पाहत राय. तुह्यासारखा थिर हात इथं कोणाचाच नाही."

अर्धी गल्ली तिथे उभी होती, आणि त्यांनी मला निवडलं होतं. हॉस्पिटल येईपर्यंत मी थेंबांवरून नजर हलवली नाही. खांदा भरून आला, पण बाटली खाली येऊ दिली नाही. बाबा वाचले. मी बी.एस्सी. झालो आणि पेढे घेऊन भाऊंच्या मोहन नगरच्या घरी गेलो, तेव्हा तेच म्हणाले, "आमच्या लाईनीत ये. शिकलेला आहेस, आणि अंगात रग आहे." कुठे अर्ज करायचा ते त्यांनीच सांगितलं. मुलाखतीच्या दिवशी सुट्टी टाकून माझ्यासोबत आले आणि बाहेर बाकावर माझी पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिले. माझ्यासाठी असं आजवर कोणी बसलं नव्हतं.

कामाच्या पहिल्याच दिवशी गाडीत उभा राहिलो तर डोक्याला काहीतरी लागलं. वर पाहिलं. छताला हूक होता. सलाईनची बाटली टांगायचा हूक. म्हणजे गाडीत बाटली धरायला माणूस लागतच नाही. भाऊ ऑक्सिजनचं सिलिंडर तपासत होते.

"भाऊ, हा आधीपासून होता?"

"गाडीसंगच येते," ते म्हणाले आणि सिलिंडरकडे वळले.

त्याचा उलगडा हथखोजला झाला. तिथल्या एका कारखान्यात मजुराचा हात मशीनमध्ये सापडला होता. मालक येत नाही तोवर त्याला नेऊ देणार नाही, म्हणून बाकीचे मजूर आडवे उभे. सगळ्यांत पुढे जखमी माणसाचा भाऊ, हातात लोखंडी सळई. आमचा पायलट साहू, म्हणजे ड्रायव्हर, काच वर करून "भैया, गाडी मत तोडना" एवढंच म्हणत होता. रामटेके भाऊ खाली उतरले, जखमीला सुई लावली आणि बाटली घेऊन सरळ त्या सळईवाल्याकडे वळले. "इकडे ये मामा. ही धर. दोन्ही हातानं. तुह्यासारखा थिर हात इथं कोणाचाच नाही." सळई खाली पडली. बाटली वर धरून तोच माणूस "हटो रे, हटो" म्हणत स्ट्रेचरसोबत आमच्यासाठी वाट करत निघाला.

परतताना मी विचारलं, हूक असताना बाटली माणसाच्या हातात कशाला. भाऊ म्हणाले, "सगळ्यांत जास्त तापलेला असते ना, तो पाहायचा. त्याचे दोन्ही हात कामाले लावायचे. मंग मारते कायनं?"

"म्हणजे मलेही..."

"तू तर लय तापला होतास बे. सलाईन काय, सिलिंडरच द्याव लागत होतं तुले."

साहू खूप हसला. मला हसू आलं नाही. त्या दिवसापासून ज्याच्या हातात बाटली जाई त्याच्याकडे मी सवतीने सवतीकडे पाहावं तसं पाहू लागलो. भाऊ ते वाक्य त्याला कसं म्हणतात, माझ्या वेळेपेक्षा जास्त मायेने तर नाही ना, हे कान देऊन ऐकायचो. वाचलेल्या पेशंटचे नातेवाईक भाऊंना भेटायला आले की मी गाडी धुवायला जायचो.

एकदा पद्मनाभपुरात भाऊ सोबत नव्हते. एका म्हातारीला न्यायचं होतं आणि तिचा मुलगा आरडाओरडा करत होता. मी बाटली त्याच्या हातात दिली, पण वाक्य काही बाहेर येईना. ते माझं होतं. "धरा," एवढंच म्हणालो. त्याने ती क्षणभर धरली, शेजाऱ्याच्या हातात कोंबली आणि साहूच्या तोंडावर ठोसा मारला. साहूचा ओठ फाटला.

भाऊंनी विचारलं, "बोलला नव्हतास काय?"

"नाही."

"कावून?"

मी गाडी पुसायला लागलो.

"पैसे लागते काय बे बोलाले?"

पुढे भाऊंच्या किडन्या गेल्या. गाडी सुटली, खाट आली. फोनवर ते सगळंच हसण्यावारी न्यायचे, म्हणून शेवटी मी त्यांना पत्र लिहिलं.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या दिवशी त्यांच्या घरासमोर मांडव होता. बुद्धवंदना झाली आणि लोक भाऊंविषयी बोलायला उभे राहिले. सुपेल्याचा एक कापडवाला म्हणाला, "मले म्हणाले होते, तुह्यासारखा थिर हात कोणाचाच नाही." मागोमाग हथखोजचा तो सळईवाला. मग आणखी एक. प्रत्येकाने आपला उजवा हात वर करून दाखवला. प्रत्येकाला वाटत होतं, आपल्यालाच. मी खुर्चीत दात आवळून बसलो होतो. माझी बोलायची पाळी आली तेव्हा मी पाणी आणायच्या निमित्ताने घरात गेलो.

आत वहिनी होत्या. "तुहं पत्र मीच वाचून दाखवलं," त्या म्हणाल्या. "हसले. म्हणे, येऊ दे त्याले रविवारी, तोंडावर सांगतो." तो रविवार त्यांना मिळाला नाही.

मग वहिनींनी कपाटातून एक जुना पांढरा शर्ट काढला. खिसा निळ्या धाग्याने शिवलेला. "पांढरा धागा नव्हता घरात त्या दिवशी. मंग मी म्हटलं, उसवून नीट शिवून देतो, तर उसवू देत नव्हते. लोकाईले दाखवत फिरत, हे आमच्या पोराचं काम म्हणून. घरात तुहं नावच खिसाफाड्या."

खिडकीतून मांडव दिसत होता. एवढ्या त्या थिर हातवाल्यांत भाऊंचा खिसा कोणी फाडलेला नव्हता. मी शर्ट मागितला.

"हा नाही देत बाप्पा," वहिनी म्हणाल्या आणि घडी घालून परत कपाटात ठेवला.

माझ्याजवळ पत्राचा कच्चा कागद तेवढा आहे. तो असा:

भाऊ, जय भीम.

काल एका पोरीचा बाप काठी घेऊन आडवा आला. मी बाटली त्याच्या हातात दिली आणि तुमचं वाक्य बोललो. पहिल्यांदाच. त्याचा हात लटलट कापत होता, म्हणजे मी खोटंच बोललो. पण थोड्या वेळाने पाहिलं तर हात खरंच थिर झाला होता. मी हूक रिकामाच राहू दिला. पोरगी बरी आहे. साहूलाही काही लागलं नाही.

म्हणजे त्या दुपारी माझाही हात कापतच असेल. ते आता मान्य. बाकीच्यांनाही तुम्ही तेच म्हणत होता, तेही मान्य. पण एक विचारतो, हसू नका. एवढ्या सगळ्यांत माझा जरासा जास्त थिर होता की नाही?

तुमचा,
मिलिंद