ढालगाडीतली जागा

राग माझ्या नाकावर असतो, हे माझी बायको लग्नाच्या आठव्या दिवसापासून सांगत आली आहे. कलकत्त्याला बदली झाल्यावर तरी स्वभाव निवळेल अशी तिला आशा होती. बदललं ते फक्त बिऱ्हाड. बेहाल्यात दोन खोल्या मिळाल्या आणि काम मिळालं शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, डमडमच्या विमानतळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर.

सत्तरच्या दशकातली ती सुरुवातीची वर्षं. मी कनिष्ठ इंजिनिअर आणि माझ्या हाताखाली चौदा माणसांची टोळी, त्यात सात बायका. काम खड्डे बुजवायचं. खिदिरपूरच्या गोदीतून माल भरून निघालेल्या लॉऱ्या गावातल्या गर्दीत मेटाकुटीला येत आणि आमच्या मोकळ्या रस्त्यावर पोचल्या की उधळत. टोळीच्या मागे लाल निशाण घेऊन एक माणूस उभा असे. त्या हिवाळ्यात एक लॉरी त्या माणसाला निशाणासकट घेऊन गेली. मी पन्नास पावलांवर होतो. पुढे महिनाभर मला अन्न गोड लागलं नाही.

त्याच सुमारास एका अमेरिकन मासिकात एक चित्र पाहिलं. काम करणाऱ्या माणसांच्या मागे एक ट्रक उभा आणि त्याच्या पाठीला रिकाम्या लोखंडी पिंपांची रांग बांधलेली. मागून कोणी येऊन आदळलं तर आधी पिंपं चेपतात आणि चेपता चेपता धक्का खाऊन टाकतात. आदळणारा वाचतो आणि पुढचे मजूरही वाचतात. आमच्याकडे डांबराची रिकामी पिंपं ढिगांनी पडली होती. मी एक जुनी लॉरी मागून घेतली, मागे लोखंडी चौकट जोडून घेतली आणि तीन ओळी पिंपं बांधली. तिला मी ढालगाडी म्हणू लागलो.

टोळी हसली. पिंपांत खडी भरून टाकू, म्हणजे मजबूत होतील, असं त्यांचं म्हणणं. भरलेलं पिंप म्हणजे भिंत, आणि भिंतीवर आपटलं तर माणूस मरतो, हे मी त्यांना ओरडून ओरडून समजावलं. नियम दोन केले. धक्का बसला की गाडी पुढे सरकणारच, म्हणून ती टोळीच्या तीस पावलं मागे राहील आणि मधल्या जागेत कोणी थांबणार नाही. दुसरा नियम असा की गाडीत कायम एक माणूस बसेल. काम सरकेल तशी गाडी सरकवायची होती, शिवाय तिचा हातब्रेक म्हातारा झाला होता, त्यामुळे वेळ आली तर पायाचा ब्रेक दाबून धरणारं कोणीतरी हवं होतं.

ड्रायव्हर पन्नाशीचा, बिहारकडचा. ती लॉरी त्याने वर्षानुवर्षं चालवली होती. गाडीभोवती एक फेरी मारून त्याने शांतपणे विचारलं, "साहब, सब बच जाएँगे. मैं कहाँ बैठूँ?"

मी सगळ्यांचा विचार केला होता, फक्त आत बसणाऱ्याचा केला नव्हता. उत्तर नसलं की मला राग येतो. "भीती वाटत असेल तर बांगड्या भरा," असं मी तडकून हिंदीत म्हणालो. तेही सात बायकांसमोर, ज्या बांगड्या घालूनच दिवसभर खडीच्या टोपल्या वाहत होत्या. वर म्हणालो, "उद्यापासून मी बसतो!"

त्याने मला पायाखालची तिन्ही पेडलं दाखवली. ब्रेक कितपत दाबावा लागतो तेही दाखवलं.

मी तीन दिवस बसलो. बाजूच्या आरशात मागून येणारी प्रत्येक गाडी आधी ठिपका असे, मग तिला तोंड फुटे, मग ती पूर्ण आरसा भरून टाके आणि शेवटच्या क्षणी वळून बाजूने निघून जाई. प्रत्येक वेळी माझ्या तोंडचं पाणी पळे. संध्याकाळी घरी गेल्यावर मी न जेवताच आडवा होई आणि बायकोला ते उन्हामुळे आहे असं सांगे.

तिसऱ्या दुपारी टोळी जेवायला थांबली. त्या रस्त्यावर सावली अशी एकच, लॉरीच्या तोंडापुढची. दोन दिवस मी त्यांना तिथून उठवलं होतं. तिसऱ्या दिवशी त्या उन्हात कोणाला हाकलायची मलाच लाज वाटली. त्यांनी गमछे पसरून मुरमुरे, कांदा, मिरच्या काढल्या. ड्रायव्हरही त्यांच्यातच बसला.

मागून नव्या निशाणवाल्याची शिट्टी ऐकू आली. आरशात तागाच्या गासड्यांनी भरलेली एक लॉरी. निशाणवाला वेड्यासारखा हात हलवत होता आणि ती वळत नव्हती. मी भोंगा दाबला. कलकत्त्यात भोंग्याला कोण उठतं? फक्त ड्रायव्हर उठला. आपली गाडी उगीच ओरडत नाही हे त्याला ठाऊक होतं. दंडाला धरधरून तो एकेकाला बाजूला ओढू लागला.

मी पुन्हा आरशात पाहिलं. आणि दार उघडून उडी मारली.

ठरवून मारली असं म्हणणार नाही. पण मारली मीच. कडेच्या गवतात पडलो आणि तिथून मला दिसलं की टोळीतली एक म्हातारी अजून गाडीपुढे वाकून मुरमुरे गोळा करते आहे, आणि मी उघड्या टाकलेल्या दारातून ड्रायव्हर आत चढतो आहे. तो ब्रेकवर अक्षरशः उभा राहिला.

पिंपं कडाकडा चेपली. गाडी चार पावलं सरकली आणि थांबली. तेवढ्यात म्हातारी बाजूला गडगडली होती. आदळलेल्या लॉरीचा चालक स्वतःच्या पायांनी उतरला आणि रडत बसला. आमचा ड्रायव्हर उतरला नाही. त्याची नडगी मोडली होती, मान दुखावली होती आणि शुद्ध हरपली होती.

वरिष्ठांनी विचारलं, "आत कोण होतं?"

"आम्ही दोघं," मी म्हणालो. एवढंच बोललो, बाकीचं लोकांनीच रचलं. महाराष्ट्र दिनाला कलकत्त्यातल्या आमच्या मराठी मंडळींनी मला शाल दिली, नारळ दिला. बायकोचे डोळे भरून आले. मी शाल पांघरली. इस्पितळात दोनदा गेलो. ड्रायव्हरच्या मानेला पट्टा होता, डोक्यामागे बँडेज होतं. दोन्ही वेळा मी उन्हाळ्याच्या गप्पा मारून परतलो.

गाडीला नवी पिंपं लागली. नवा ड्रायव्हर आला. हा तिशीचा, तिखट नजरेचा. चढण्याआधी त्याने मला विचारलं, "साहेब, तुम्ही आत होतात. धक्का बसला की डोकं पुढे जातं की मागे?"

"पुढे," मी झटकन म्हणालो. "स्टिअरिंगपासून जपा."

त्याने एक पोतं घडी करून स्टिअरिंगवर बांधलं आणि गाडी जागेवर न्यायला निघाला. मी अंतर मोजायची टेप हातात धरून उभा राहिलो. खाई त्याला खवखवे म्हणतात, तसं आत काहीतरी टोचू लागलं. मागून धक्का बसला तर गाडी पुढे पळते आणि डोकं मागे राहतं. हे इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचं पोरही सांगेल. आधीच्या ड्रायव्हरच्या डोक्यामागचं बँडेज मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. माझी अब्रू सांभाळायला हा माणूस मान मोडून घेणार होता.

मी ओरडत धावलो. टोळीचे हात थांबले. "पोतं मागे बांधा! डोकं मागे टेकवून बसायचं!"

"पण तुम्ही तर पुढे म्हणालात," तो म्हणाला.

"मला माहीत नाही," मी म्हणालो. माझ्या मोडक्या हिंदीत, चौदा माणसांसमोर. "मी आत नव्हतो. मी उडी मारून पळालो होतो. काय होतं ते विचारायचं असेल तर इस्पितळात त्याला विचारा. मीही येतो."

त्या दिवशी वाचलेल्या म्हातारीने खडीची टोपली डोक्यावर चढवली आणि माझ्याकडे न बघता बंगालीत म्हणाली, "ठाऊक आहे, बाबू. आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं."