कमलताईचं नाक

कमल सोमकुवरचं नाक यंदाच्या गोटमारीत, म्हणजे नदीकाठची दोन गावं झेंड्यासाठी एकमेकांवर दगड फेकतात त्यात, फुटलं, असं पांढुर्ण्यात सांगतात. ती म्हणे पँट घालून, डोक्याला फडकं बांधून गड्यांमध्ये घुसली, जाम नदीच्या मधात रोवलेल्या पळसापर्यंत गेली, आणि त्यावरच्या झेंड्याला हात लावणार तेवढ्यात सावरगावच्या कोणीतरी नेम धरला. हे सांगणारा माणूस त्या वेळी नेहमी अगदी तिच्या बाजूलाच उभा असतो. सौसरला वेगळं सांगतात. तिथं ते नाक एका परदेशी पोरीच्या लाथेनं मोडलं आहे, आणि ती पोरगी कराटे शिकलेली आहे. मोहगावच्या बसमध्ये एक बाई म्हणाली की कमल केरळात झाडाखाली निजली होती, नारळ पडला. मी विचारलं, नारळ पडला तर डोकं फुटेल, नाक कसं वाकडं होईल? बाई म्हणाली, "लहान होता नं नारळ."

खरं असं आहे. नाक जानेवारीतच मोडलं होतं, आणि गोटमार होते पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. नारळ नव्हता, लाथ नव्हती, दगडही नव्हता. फुटबॉल होता. गोटमारीच्या दिवशी ती नदीपलीकडे सावरगावात होती हे मात्र खरं, पण ते माझ्यामुळे. ते शेवटी येईल.

कमलताईचं घर आणि आमचं घर ह्यांत एकच भिंत आहे. तिचे वडील सुखदेवकाकाजी नगरपालिकेत नळाचे वॉल उघडतात. कोणत्या मोहल्ल्याला पाणी आधी सुटतं ह्यावरून अर्धं गाव त्यांना हात जोडतं आणि उरलेलं अर्धं शिव्या देतं. त्यांना डावा डोळा नाही. तो जवानीत गोटमारीला गेला. इकडून पांढुर्णा, तिकडून सावरगाव, मधात झेंडा, आणि देवीच्या नावानं दिवसभर दगड, त्यातलाच एक.

"मी देवीसाठी नव्हतो गेलो," काकाजी सांगतात. "मी सावरगाववाल्यायसाठी गेलतो."

"मंग दगड दिसला नाही का तुम्हाले?" मी विचारते.

"दिसला नं. तोच तर घोळ झाला. मी पाहत राहिलो. लय चांगला येऊन राहिलता."

तेव्हापासून त्यांनी घरात एक कायदा लावला. ते "गोटा" असं ओरडले की ज्यानं त्यानं जिथं असेल तिथं मान खाली घालायची. पोरं लहान होती तेव्हा ते सोबत चिंध्यांचा चेंडू फेकायचे. पुढं नुसतं ओरडूनच भागायला लागलं. जेवताना, अभ्यास करताना, वेणी घालताना, केव्हाही. लीलाकाकू तव्यावर भाकर टाकत असल्या तरी वाकायच्या आणि भाकर चुलीत जायची.

"तुमच्या एका डोयापायी साऱ्या घराच्या माना दुखून राहिल्या," काकू म्हणायच्या.

"मान दुखते, पण जाग्यावर राहते," काकाजी म्हणायचे.

कमलताई ह्यात सगळ्यांत तरबेज निघाली. शाळेत गुरुजींनी फेकलेला खडू तिला आयुष्यात लागला नाही. तो तिच्या मागच्या मुलीला लागायचा. तिच्या मागं बसायला वर्गात कोणी तयार नसायचं.

अकरावी करून ती नागपूरला कॉलेजात गेली. तिथं बसच्या टपावरची पेटी तिनं शिडी न चढता, उभ्या उभ्या खाली उतरवून घेतली. ते खेळाच्या मॅडमनी पाहिलं. कमलताई आमच्या दाराच्या चौकटीपेक्षा उंच आहे. आमच्या घरात ती वाकूनच येते, पण त्याचा गोटमारीशी काही संबंध नाही. मॅडमनी तिला दुसऱ्याच दिवशी फुटबॉलच्या गोलात उभं केलं.

आणि ती चांगली निघाली. डावीकडचा, उजवीकडचा, जमिनीवरून सरपटत येणारा, वरून पडणारा, कोणताही चेंडू असो, ती असं अंग टाकायची की बघणाऱ्याला वाटावं हिची हाडं घरीच राहिली आहेत. फक्त एक होतं. चेंडू सरळ तोंडावर आला की ती वाकायची. नीट, व्यवस्थित, घरी शिकवल्याप्रमाणे. चेंडू तिच्या डोक्यावरून जाळीत जायचा, आणि मग ती मान वर करून विचारायची, "गेला का?"

सरळ गोलकीपरच्या तोंडावर मारणाऱ्या पोरी फार नसतात, सगळ्या कोपऱ्यात मारायला जातात. त्यामुळे कमलताईचं निभत गेलं. निभत निभत ती थेट देशाच्या टीमच्या शिबिरात जाऊन पोचली. केरळात आशियातल्या देशांच्या मुलींची स्पर्धा होती आणि तिथं ती राखीव गोलकीपर म्हणून जाणार होती. शिबिरातले घोषाल सर कलकत्त्याचे. त्यांना तिची खोड पहिल्याच दिवशी कळली.

"ऐ कोमोल. बोल को देखो. बोल तुमको खाएगा नेही."

कमलताईनं चेंडूकडे पाहिलं आणि वाकली.

"कोमोल, तुम्हारा गाड़ी कौन सा स्टेशन में रुकता है?"

"पांढुर्णा, सर."

"अच्छा. रुकता है. मैच में एक बार झुकेगा, तो हाम तुमको उस गाड़ी में बिठा देगा. फिर टीम का नाम नेही लेना."

हे सांगताना घोषाल सर रागावले नव्हते, असं कमलताई म्हणते. त्यांनी ते गाडीची चौकशी केल्यासारखं सांगितलं. म्हणून तिला ते जास्त लागलं.

केरळात जायच्या आधी ती थोडे दिवस घरी आली, ती मान सरळ करायलाच. तिनं मला कामाला लावलं. मी संत्री फेकायची आणि तिनं भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. संत्री आमच्या गल्लीतल्या केशवरावांनी दिली. केशवरावांचे बगीचे आहेत आणि गळालेल्या फळाचं मोल नसतं, म्हणून त्यांनी टोपलंभर पाठवलं. मागोमाग ते स्वतःही आले, कारण आपल्या संत्र्यांचं काय होतं ते त्यांना पाहायचं होतं. केशवराव कोणतंही वाक्य 'असं आहे पहा' म्हटल्याशिवाय सुरू करत नाहीत.

"असं आहे पहा, दोन बाजूनं माणसं, मधात झेंडा. म्हंजे आपल्यावाणीच."

"झेंडा नसते काकाजी. चेंडू असते," कमलताई म्हणाली.

"असं का. मंग जो जितते त्याच्या घरी जाते का चेंडू?"

"नाही. पंच घेऊन जाते."

केशवरावांनी थोडा विचार केला. "असं आहे पहा, मंग पंचच जितला."

मी फेकत होते, ती वाकत होती आणि भिंत पिवळी होत होती. लीलाकाकू रोज सकाळी भिंत धुवायच्या. सगळ्या गल्लीला आंबट वास. सुखदेवकाकाजी ड्युटीवरून आले की ओट्यावर बसून एका डोळ्यानं हे बघायचे. एकदा कमलताईनं दात आवळले, मान ताठ केली. मी नेम धरून फेकलं. संत्रं अर्ध्यावर आलं आणि ओट्यावरून आवाज आला, "गोटा."

ती वाकली. मीही वाकले. आतमध्ये काहीतरी पडल्याचा आवाज झाला, म्हणजे काकूही वाकल्या.

"बाबा, तुम्ही नका नं ओरडू."

"मी नाही ओरडलो. तोंडातून निंगालं."

"मले काढून टाकतील बाबा टीममधून."

काकाजींनी भिंतीवरून ओघळणाऱ्या रसाकडे पाहिलं. "टीम दुसरी भेटते," ते म्हणाले. "तुले दोन डोये आहेत म्हणून तुले एकाचं काही वाटून नाही राहिलं."

कमलताईनं पायाजवळचं संत्रं उचलून माझ्याकडे टाकलं आणि पुन्हा भिंतीला टेकून उभी राहिली. ते संत्रंही भिंतीलाच लागलं.

जायच्या आदल्या दिवशी मी तिला स्पष्ट सांगितलं.

"कमलताई, तू वाकशीनच."

"नाही वाकणार."

"लाव शर्त. तू वाकली तर तुहा ट्रॅकसूट माहा." तो निळा होता आणि पाठीवर देशाचं नाव होतं.

"अन् नाही वाकली तं?"

"तं मी गोटमारीच्या दिवशी सावरगावात जाऊन 'सावरगाव की जय' म्हणीन."

पांढुर्ण्याच्या पोरीला ह्याहून वाईट काही बोलता येत नाही. पण मी बिनधास्त बोलले. इतके दिवस तिच्या तोंडावर मीच तर संत्री फेकत होते. मला घोषाल सरांपेक्षा जास्त माहिती होती.

केरळात काय झालं ते तिनंच सांगितलं आहे, कारण पोरींच्या मॅचचं आमच्या रेडिओवर काही लागलं नाही. मैदानाभोवती माणसांची झुंबड, उन्हासाठी छत्र्या उघडलेल्या. समोर कोणता देश होता ते ती सांगते, पण मी लिहीत नाही. सौसरला त्या बिचाऱ्या पोरीला कराटे शिकवून झालंच आहे, अजून कायले. पहिले सामने कमलताई बाकावर बसून होती. त्या दिवशीही बसलीच होती. पण आपल्यावर दोन गोल झाले आणि त्यानंतर मोठ्या गोलकीपरचं बोट मुरगळलं. घोषाल सरांनी बाकाकडे पाहिलं, जणू तिथं आणखी कोणी बसलेलं असेल. मग म्हणाले, "कोमोल."

ती उभी राहिली. डावीकडचे अडवले, उजवीकडचे अडवले. सामना संपत आला आणि पंचानं पेनल्टी दिली. मारणारी पोरगी बुटकी होती, वेणीला लाल रिबीन. ती धावत आली, तिचा पाय जरा सटकला, आणि चेंडू कोपऱ्यात न जाता सरळ मधात निघाला. कमलताईच्या तोंडावर.

"मले दिसला तो," कमलताई सांगते. "लय चांगला येऊन राहिलता."

मान खाली जायला निघाली होती, हे तिला कळलं. तिनं दातावर दात ठेवले आणि पाहत राहिली. हात वर करायचे असतात हे मात्र तिच्या ध्यानात आलं नाही. एका वेळी एकच काम होत होतं. चेंडू नाकावर बसला आणि दांडीवरून बाहेर गेला.

घोषाल सर पळत आले, तिचं डोकं धरलं, रुमाल लावला आणि हळूच म्हणाले, "कोमोल, हाथ से. हाथ से भी रोक सकता है."

सामना आपण दोन-शून्यनंच हरलो. कमलताई पांढुर्ण्याच्या स्टेशनवर उतरली तेव्हा तिला घोषाल सरांनी गाडीत बसवून दिलेलं नव्हतं, तिची तीच आली. नाकावर पट्टी होती आणि पट्टीखाली नाक उजवीकडे जात होतं.

"किती नं हारले?" गल्लीनं विचारलं.

"दोन नं."

"अन् तू नाक नसतं लावलं तं?"

"तीन नं."

"मंग हारलेच नं बाप्पा."

"असं आहे पहा," केशवराव म्हणाले, "हारले तं हारले. पण नाक आपल्या गावचं होतं."

मी इतक्यात मानणार नव्हते. मी म्हटलं, कशावरून? आम्ही कोणी पाहिलं? वाकताना खांबावर आपटली असशील. कमलताई दोरीवर कपडे वाळत घालत होती. सुखदेवकाकाजी ओट्यावर बसून आमचं ऐकत होते. त्यांच्या हातात संत्रं होतं. त्यांनी ते उचललं आणि फेकलं.

"गोटा."

लीलाकाकू वाकल्या. मी वाकले. कमलताई वळली, आणि नाकापुढं दोन्ही हात आणून तिनं संत्रं धरलं.

काकाजी उठले. तिच्याजवळ गेले आणि तिच्या तोंडाकडे असं बघू लागले, जसं वॉल सोडल्यावर पाणी पुढं पोचलं का ते बघतात.

"मारलं तवा डोये उघडे होते?"

"होते बाबा. दोन्ही."

त्यांनी तिच्या हातातून संत्रं घेतलं, सोललं, अर्ध्या फोडी तिला दिल्या आणि अर्ध्या स्वतः खाल्ल्या. बी थुंकून म्हणाले, "मंग ठीक आहे."

त्यानंतर त्या घरात कोणी 'गोटा' ओरडलं नाही. काकू अजूनही मधूनमधून आपल्या आपण वाकतात.

जुलैपासून कमलताई सौसरच्या एका शाळेत खेळ शिकवायला जाते. घोषाल सरांनी तिला पुढच्या शिबिराला बोलावलं आहे. मला वाटलं, एवढ्या सगळ्यात ती शर्त विसरली असेल. पोळ्याच्या संध्याकाळी ती आमच्या दारात वाकली आणि म्हणाली, "शोभे, उद्या सकाळी सावरगावले जायचं आहे."

तिची मावशी सावरगावात राहते, नदीकाठीच. दगड सुरू व्हायच्या आधी आम्ही पूल ओलांडला आणि मावशीच्या गच्चीवर जाऊन उभ्या राहिलो. कमलताईनं ट्रॅकसूट घातला होता आणि उन्हासाठी डोक्याला फडकं बांधलं होतं. गावभर गेली ती पँट हीच. समोरच्या काठावर आमचे लोक होते, त्यांतले कितीतरी आमच्याच गल्लीतले. ढोल वाजायला लागले.

मी आधी केशवरावांच्या आवाजात म्हटलं, "असं आहे पहा, सावरगाव की जय."

कमलताईनं शांतपणे ऐकून घेतलं. "आता तुह्या आवाजात."

मी माझ्या आवाजात म्हटलं. चांगलं जोरात म्हटलं, कारण हळू म्हटलं तर ती पुन्हा म्हणायला लावेल हे मला ठाऊक होतं. समोरच्या काठावर कोणीतरी मान वर करून पाहिलं. मग एक दगड आमच्याकडे निघाला. खाली कुठंतरी भिंतीवर तो आपटल्याचं मला नुसतं ऐकू आलं, कारण तोवर माझं कपाळ गुडघ्याला टेकलं होतं. वर पाहिलं तर कमलताई नाकापुढं दोन्ही हात धरून सरळ उभी होती.

"गेला का?" मी विचारलं.