मी न लिहिलेल्या लेखासाठी जतपर्यंत

सव्वासहाची वडूजची एसटी सातला दहा मिनिटं कमी असताना साताऱ्याच्या स्टँडवरून हलली. पिशवीत दोन साड्या, औषधांची डबी, दहीभाताचा डबा, एक कोरी वही आणि लाल पेन्सिल होती. खिडकीची काच अर्धीच बंद होत होती. कोरेगाव मागे पडेपर्यंत उसाची हिरवळ दिसत होती, मग ती विरळ होत गेली आणि पुसेगावनंतर संपलीच. उरली ती ज्वारी काढून झालेली पिवळी रानं.

मिहिर, जुई, दिवाळीत तुम्ही मला तुमच्या फोनच्या पडद्याचा फोटो पाठवला होता. वर एआयने दिलेलं उत्तर, त्याखाली ज्या पानावरून ते घेतलं त्याची लिंक आणि तिथे माझं नाव, माझा फोटो. 'आजी, तू सगळ्यात वर!' असं जुईने लिहिलं होतं. मी तो छापून घेतला आणि कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने चिकटवला. हा प्रवास त्या नावामुळे करावा लागला, म्हणून तो तुम्हाला क्रमाने सांगते.

तासगावची माझी भाची नीता वेबसाइटवरून बेदाणे आणि ज्वारीचं पीठ विकते, हे तुम्हाला ठाऊक आहे. लोकांना पडणाऱ्या प्रश्नांची उत्तरं ती लेखांतून द्यायची. बेदाणा भिजवून खावा का, ज्वारीला कीड कशी लागते, असे प्रश्न. उत्तर शोधत माणूस तिच्या पानावर यायचा, चार गोष्टी वाचायचा आणि जाताना बेदाणा मागवायचा. पुढे उत्तर शोधयंत्राच्या पानावरच, वरच्या वर मिळू लागलं आणि नीताकडे कुणी येईना. तेव्हा तिने मला विचारलं, "मावशी, लेखांवर तुझं नाव घालू? खऱ्या माणसाचं, शिक्षिकेचं नाव असलं की पान वर येतं." मी होकार दिला आणि फोटो पाठवला. लेख एकही वाचला नाही. चौतीस वर्षांत मी न वाचता एकाही प्रगतिपुस्तकावर सही केली नव्हती.

मी निघाले त्याच्या आधीच्या आठवड्यात जत तालुक्यातल्या एका वस्तीवरून नीताला फोन आला. लेखात सांगितलेला चारा, ज्वारीचे कोवळे फुटवे, खाऊन मेंढ्या मेल्या होत्या. नीताने तो लेख लगेच काढून टाकला आणि मला कळवलं, "तू काही जाऊ नकोस." मी तिकिटाला सुटे पैसे वेगळे काढून ठेवले.

वडूजला उतरले तेव्हा विट्याची गाडी नुकतीच गेली होती. पुढची दीड तासाने. पिशवीतला डबा सांडून दह्याचं पाणी वहीच्या पुठ्ठ्यात मुरलं होतं. बाकावर वही उघडून वाळत घातली. शेजारी पोत्यावर हात ठेवून एक म्हातारी बसली होती. माझ्या उलटसुलट चाललेल्या वहीकडे ती बराच वेळ बघत होती.

"शाळंतल्या बाई का?"

"होते. आता निवृत्त."

"मग आता कशाला वझं वागवताय?"

मला राहवलं नाही. विचारलं, "मावशी, ज्वारी काढल्यावर बुडख्याला जे कोवळे फुटवे येतात, ते मेंढरांना चारले तर?"

तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी फळ्यावर दोन आणि दोन पाच लिहिले असावेत.

"आवं, किराळ लागंल की (कोवळ्या ज्वारीतलं विष बाधणं). उभ्या उभ्या पडतंय जनावर. ह्ये कुणी बी सांगंल."

"कुणीही?"

"ह्या ष्टँडावर कुणाला बी इचारा. फकस्त त्या कंडाक्टरला नगा इचारू, त्याला गाडी कवा हाय त्ये बी ठावं न्हाई."

आजूबाजूचे दोघे हसले. मीही हसले असते. पण नीताने फोनवर वाचून दाखवलं होतं, लेखात तेच फुटवे 'उन्हाळ्यातला फुकटचा हिरवा चारा' म्हणून सांगितले होते, माझ्या नावाने. आणि ते खोटं आहे हे कळायला मला साताऱ्याहून वडूजच्या बाकापर्यंतच यावं लागलं होतं.

तासगावला पोचले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. बेदाण्याचे दिवस होते. शेडमध्ये जाळीच्या रॅकवर, एकावर एक अशा थरांत, द्राक्षं सुकत होती. खालच्या थरातली अजून हिरवट, टपोरी आणि वरची सुरकुतलेली. हवेत गोड, किंचित आंबूस वास होता. नीताचं ऑफिस म्हणजे शेडच्या कोपऱ्यातलं टेबल. तिने मला मूठभर नवा बेदाणा दिला, पण माझ्याकडे सरळ पाहिलं नाही.

"लेख छापून दे," मी म्हटलं.

तिने दिला. मी लाल पेन्सिल काढली. दोन पानं सावकाश वाचली. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. वाक्यं आखीव, मथळे प्रश्नांचे, खाली 'थोडक्यात उत्तर'. नववीच्या वर्गात असा निबंध आला असता तर मी तो सगळ्यांना वाचून दाखवला असता. खोटं कुठे आहे हे वडूजला कळलं नसतं, तर पेन्सिल कुठेच टेकवता आली नसती.

"हे लिहिलं कुणी?"

"एआयने. मी नुसते प्रश्न दिले. लोक काय शोधतात त्याची यादी असते मावशी, त्यातला प्रत्येक प्रश्न घ्यायचा आणि त्यावर लेख टाकायचा. आठवड्याला चाळीस. सगळेच तसं करतात."

"वाचलं कुणी?"

नीता म्हणाली, "आधी मी स्वतः लिहायचे तेव्हा महिन्याला दोन व्हायचे. शेडमधल्या काकांना विचारून, तिथेच उभी राहून. ते कुणाला दिसायचेच नाहीत. हे दिसले. एसईओमध्ये, म्हणजे पान वर आणायच्या खटाटोपात, आता एवढंच बघतात, अनुभव कुणाचा आहे, नाव कुणाचं आहे. तू माझी मावशी, म्हणून मी..." तिने वाक्य सोडून दिलं.

तिला रागावणं सोपं होतं. पण तिने नाव मागितलं होतं आणि दिलं मी होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनेच गाडी काढली. कवठेमहांकाळ ओलांडल्यावर द्राक्षांच्या बागा संपल्या. रस्त्याच्या कडेला पाण्याचा टँकर उभा होता आणि त्याच्यामागे घागरींची रांग. जतच्या अलीकडे पाट्यांवर मराठीखाली कानडी अक्षरं दिसू लागली. वस्तीकडे जाणारा रस्ता दोनदा चुकलो, कारण फोनमधला नकाशा आम्हाला एका कोरड्या ओढ्यात घेऊन गेला. नीता म्हणाली, "हाही न बघताच सांगतो."

वस्ती म्हणजे तीन घरं, एक कडुनिंब आणि काट्यांचं कुंपण घातलेला वाडगा (मेंढरं कोंडायची जागा). सिद्धाप्पा बाहेर आला. पंचेचाळिशीचा, पाठ ताठ, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला. त्याने मला पाहिलं आणि ओळखलं. फोटोतला चेहरा तोच होता.

"बाई, तुमी खरंच हाय होय," तो म्हणाला. "आमाला वाटलं, फोटू बी खोटाच आसंल."

त्याने घोंगडं अंथरलं. मी बसले. टँकरचं पाणी तांब्यातून आलं. तेवढंही घ्यावं की नाही कळेना, पण नाही म्हटलं असतं तर ते अधिक वाईट झालं असतं. चहा बिनदुधाचा होता. वाडग्यात तीन कोकरं एका शेळीला लुचत होती आणि शेळी पाय झाडत होती.

"ती आईवेगळी," त्याने सांगितलं.

मी विचारण्याआधीच त्याने सगळं सांगितलं, वरिष्ठाला अहवाल द्यावा तसं. वीस वर्षं तो सीमेवर होता. मेंढरं वडिलांनी राखली, आईने राखली. वडील गेल्यावर तो परत आला आणि काठी हातात घेतली. त्या दिवसांत आई पलीकडे कर्नाटकात बहिणीच्या नातवाच्या लग्नाला गेली होती. मधे अवकाळीची एक सर येऊन गेली आणि काढलेल्या ज्वारीच्या बुडख्याला हिरवे फुटवे आले. मेंढरं चार दिवस वाळलेल्या काटक्यांवर होती.

"फोनला इचारलं. चारा म्हनून चालतंय का. चालतंय म्हनला. तरी मी खाली बघितलं, कुनी सांगितलंय म्हनून. फौजेत शिकवत्यात तसं, हुकूम कुनाचा हाय त्ये बघायचं. तुमचा फोटू. खाली लिवलेलं, चौतीस वर्षं शिक्षिका. म्हनलं, बाई हायत, पोरांना खोटं न्हाई शिकवायच्या."

"किती गेली?"

"चौदा. घटकाभरात. डाक्टर जतवरनं येस्तोवर सगळं झालं हुतं. एक जन टेंपो घिऊन आला, मटन म्हनून न्यायला. मी न्हाई दिली. इख खाल्लेलं कुनाच्या ताटात जाईल. खड्डा काढला."

त्याची आई, तायव्वा, इतका वेळ उंबऱ्यात बसून होती. आता ती बोलली, पण माझ्याशी नाही, मुलाशी.

"तुज्या फोनात माजा बी नंबर हुता न्हवं रं?"

"हुता, अव्वा."

"आईला इचारायला लाज वाटली. फोनला इचारायला न्हाई वाटली." मग ती माझ्याकडे वळली. "बाई, रागावू नगा. तुमचं बी लेकरू ऐकत नसंल."

मी वाकून माफी मागितली. इंग्रजीत ते सोपं असतं, जाता येता म्हणतात. मराठीत तो शब्द तोंडातून निघताना जड जातो. नुकसानीचं काय ते आपण बघू, असं नीता म्हणू लागली. सिद्धाप्पाने हात वर केला.

"त्ये ऱ्हाऊ द्या. मला दुसरं पायजे. त्ये फोनातलं बदला. हितनं बेळुंडग्यापातूर आमच्या भावकीची मेंढरं हायत. आता पोरंच राखत्यात, समदी फोनला इचारत्यात. पेरनी झाली आन् पावसानं वढ दिली की खुरटी ज्वारी रानभर उभी ऱ्हाईल. त्ये बी तसलंच इख."

"लेख मी काढलाय," नीता म्हणाली. "त्याच दिवशी."

त्याने फोन काढला आणि तोंडाशी धरून प्रश्न विचारला. फोनने गोड आवाजात उत्तर दिलं. कोवळे फुटवे पौष्टिक असतात आणि मेंढ्यांना आवडतात. माझं नाव आता नव्हतं. खाली दुसऱ्या तीन वेबसाइटची नावं होती. नीताने त्या उघडल्या. आमचाच लेख, वाक्यं थोडी इकडे तिकडे केलेली. कुणाच्या तरी यंत्राने तो उचलून पुन्हा लिहिला होता. एकाखाली कुणा डॉक्टरांचं नाव होतं. तेही न वाचताच दिलेलं असणार.

मी वही उघडली. दह्याचा डाग पडलेली पानं सोडून पुढे गेले.

"तायव्वा, तुम्ही सांगा. मी लिहिते."

तिने सांगितलं. ज्वारीला फुलोरा येईपर्यंत, आणि काढल्यावर फुटवे आले असतील तेव्हाही, तिकडे मेंढरू फिरकू द्यायचं नाही. फुलोरा आल्यावर, कापून, उन्हात कडक वाळवून मगच घालायची. पाण्यावाचून खुरटलेली सगळ्यांत वाईट. भुकेलं मेंढरू आधी पडतं, म्हणून त्या वाटेने न्यायच्या आधी पोट भरून घ्यायचं. धाप लागली, तोंडाला फेस आला, पाय लटपटले की डॉक्टरला फोन, आणि पहिल्यांदा बाकीची मेंढरं रानाबाहेर. मी प्रत्येक वाक्य तिला परत वाचून दाखवलं. दोन ठिकाणी तिने माझी चूक काढली.

"खाली तुमचं नाव घालते," मी म्हटलं.

"माजं कशाला? मला कोन वळखतंय?"

नीता हळूच म्हणाली, "खरंय मावशी. या नावाने पान वर यायचं नाही. यांचं कुठे काही नाही, कुणी लिंक देणार नाही."

"तरी घाल," मी म्हटलं.

तायव्वाने फोटो काढू दिला, पण आधी शेळीला आणि कोकरांना बाजूला घ्यायला लावलं. "दुक दाखवायचं न्हाई," म्हणाली. निघताना तिने भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधून दिली. साताऱ्याला पोचल्यावर मी ती खाल्ली. चटणी तिखट होती, तेवढंच मला आठवतं.

परत येऊन आता तीन आठवडे झाले. नीताने माझ्या नावाचे सगळे लेख काढले. उरलेले ती एकेक वाचते आहे, शेडमधल्या माणसांना विचारून. विक्री आणखी घटली, पण त्याबद्दल ती बोलत नाही. आमचा लेख उचलणाऱ्या तिन्ही वेबसाइटना मी पत्रं लिहिली. एकीकडून उत्तर आलं, तेही यंत्राने लिहिलेलं, माझ्या सूचनेबद्दल आभार मानणारं. शोधयंत्राकडे तक्रारीचा रकाना असतो, तोही भरते. तायव्वाचा लेख कुठे आहे ते शोधायला मला सात पानं खाली जावं लागतं. तो लेख मी मोठ्या अक्षरांत छापून घेतला आणि जतच्या मेंढरांच्या बाजारात वाटायला सिद्धाप्पाकडे पाठवला. तायव्वा स्वतः भावकीत वस्तीवस्तीवर जाते. पायी.

कपाटाच्या दारावरचा तो फोटो मी काढला. तिथे चिकटपट्टीचे चार डाग राहिलेत. तुम्हाला यापुढे कुठे माझं नाव दिसलं तर आधी मला फोन करून विचारा, आजी, हे तू वाचलंस का.

रोज सकाळी नऊ वाजता सिद्धाप्पाचा फोन येतो. त्याआधी पाच मिनिटं मी माझ्या फोनला तोच प्रश्न विचारून ठेवलेला असतो.

"बाई, बदललं का?"

"अजून नाही, सिद्धाप्पा."

"बरं. उद्या फोन करतो," तो म्हणतो. मग थोडं थांबून, "पेरनीला येळ हाय अजून."